कमी दिवसांची बाळे आणि लोहाचे थेंब

वारणेच्या खोऱ्यात, पन्हाळा तालुक्याच्या ज्या भागात ऊस आणि दूध या दोन गोष्टींवर घरोघरचा प्रपंच चालतो, त्या कोडोली गावी बालरोगतज्ज्ञ म्हणून माझी उमेदीची वर्षे गेली; आणि या प्रदीर्घ व्यवसायात ज्या विषयाने माझे मन सर्वाधिक व्यापले, तो कोणत्याही दुर्धर वा दुर्मीळ व्याधीचा नसून, दिवस पुरे भरण्यापूर्वी जन्मलेल्या बाळांना रोज पाजावयाच्या लोहाच्या थेंबांचा आहे. विषय इतका साधा की त्यावर बोलू लागले असता ऐकणाऱ्याचे लक्ष लवकरच दुसरीकडे वळते. परंतु साधी गोष्ट नित्यनेमाने घडवून आणणे हेच वैद्यकातील सर्वांत अवघड काम होय, अशी माझी अनुभवान्ती दृढ समजूत झालेली आहे, आणि ती सविस्तर मांडावी असे बरेच दिवस मनात होते.

या परिसराला आधुनिक वैद्यकाची ओळख जुनी आहे. अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने कोल्हापूर संस्थानात जी ठाणी उभारली त्यांत कोडोलीचा समावेश होता, आणि त्याच मिशनचे डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेस जे इस्पितळ सुरू केले त्याची कीर्ती दक्षिण महाराष्ट्रात दूरवर पसरली. तरीही दीड किलो वजनाचे मूल जगले तर ते ईश्वरी कृपेनेच जगले, असे मानण्याचा प्रघात परवापरवापर्यंत होता. कापसात गुंडाळणे, शेगडीची ऊब देणे आणि बोळ्याने दूध पाजणे, एवढीच घरची साधने होती. आज कोल्हापूरचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, ज्याला सारा जिल्हा सीपीआर या नावाने ओळखतो, तेथे आणि मिरज, सांगली, कराड या शहरांतही अशा बाळांची शास्त्रशुद्ध शुश्रूषा होते, आणि जी बाळे पूर्वी बारशापर्यंतही पोहोचत नसत ती दोन-दोन महिन्यांच्या शुश्रूषेनंतर आईच्या कुशीत घरी येतात. गावात पेढे वाटले जातात, जोतिबाच्या डोंगरावर नवस फेडला जातो, आणि संकट टळले या भावनेने घरातील वडीलधारी माणसे सुटकेचा निःश्वास टाकतात. नेमक्या याच क्षणी बाळाच्या आयुष्यातील दुसरी परीक्षा सुरू होते, आणि तिची वार्ता त्या घरी फारशी कोणी दिलेली नसते.

ही परीक्षा समजण्यासाठी गर्भावस्थेच्या अखेरच्या तीन महिन्यांकडे पाहावयास हवे. पूर्ण दिवसांच्या बाळाच्या शरीरात दर किलो वजनामागे सुमारे ७५ मिलिग्रॅम लोह असते. म्हणजे तीन किलोच्या सुदृढ बाळापाशी सव्वादोनशे मिलिग्रॅम, पाव ग्रॅमहूनही कमी. एवढ्याशा धातूवर ते मूल पहिले चार ते सहा महिने काढते, कारण आईच्या दुधात लोह अत्यल्प, एका लिटरमध्ये अर्ध्या मिलिग्रॅमहूनही कमी असते. ते उत्तम प्रकारे शोषले जाते हे खरे, पण मुळात थोडेच. लेक सासरी निघताना माय तिच्याबरोबर शिदोरी बांधून देते, तशी ही शिदोरी निसर्ग बाळाबरोबर देतो, आणि ती बांधण्याचे काम बहुतांशी सातव्या, आठव्या व नवव्या महिन्यांत होते. जे बाळ सातव्या महिन्यातच जन्मास येते, त्याची शिदोरी अर्धीमुर्धीच बांधून झालेली असते.

आमच्याकडे सातव्या महिन्यातले मूल जगते आणि आठव्यातले जगत नाही, असा एक समज रूढ आहे. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट असून, गर्भात काढलेला प्रत्येक अधिक आठवडा बाळाच्या फुप्फुसांना, मेंदूला आणि रक्ताला बळ देत असतो. तथापि या समजामुळे सातव्या महिन्यातील जे बाळ जगते त्याच्याविषयी घरात एक निश्चिंतता निर्माण होते, की हे जगणारेच होते; आणि त्या निश्चिंततेपोटी पुढील काळजी सैल पडते, असे मी वारंवार पाहिले आहे.

त्यातच अशा बाळाचा खर्चही अधिक असतो. एक किलो वजनाच्या बाळाच्या अंगात सारे मिळून सुमारे ९० मिलिलिटर रक्त असते. अतिदक्षता कक्षात तपासणीसाठी एक मिलिलिटर रक्त घेतले तरी ते त्याच्या सर्वस्वाच्या शतांशाहून अधिक होते, आणि अशा तपासण्या जीव वाचविण्यासाठी पुनःपुन्हा कराव्या लागतात. शिवाय पूर्ण दिवसांचे बाळ वर्षभरात तिप्पट होते, तर दीड किलोचे बाळ तेवढ्याच मुदतीत पाचपट वाढते, आणि वाढत्या देहासाठी रक्तही त्याच प्रमाणात वाढवावे लागते. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सर्वच बाळांचे हिमोग्लोबिन उतरते. कमी दिवसांच्या बाळांत ते लवकर आणि अधिक उतरते, फार लहान बाळांत सात ते नऊ ग्रॅमपर्यंतही येते. ही पहिली उतरण लोह देऊन थांबत नाही, कारण ती रक्तनिर्मितीच्या तात्पुरत्या विश्रांतीमुळे घडते. पण ती विश्रांती संपून अस्थिमज्जा पुन्हा कामास लागते, तेव्हा तिला लोह हवे असते. आणि शिदोरी दोन-तीन महिन्यांतच संपून गेलेली असल्यामुळे दुसरी, अधिक घातक उतरण सुरू होते. ही दुसरी उतरण मात्र सर्वस्वी टाळता येण्याजोगी आहे.

ती टाळता न आल्यास काय होते, हे एका मुलीच्या रूपाने माझ्या दवाखान्यात आले होते. कमी दिवसांची, जुळ्यांतली एक. पाचव्या महिन्यात नुसत्या सर्दीसाठी आणलेली. आजी मोठ्या कौतुकाने सांगत होती, "लई गुणाची पोर हाय बाई, रडत न्हाई का किरकिरत न्हाई, ठेवंल तितं पडून ऱ्हाती." मुलीचे तळवे पांढरेफटक होते, नजर माझ्या चेहऱ्यावर क्षणभर स्थिरावून पुन्हा ओसरत होती, आणि हातात दिलेल्या खुळखुळ्यात तिला काही स्वारस्य नव्हते. तिचे हिमोग्लोबिन सहाच्या आसपास भरले. घरातील माणसांची माया कमी होती असे मुळीच नाही. बाळाच्या शांतपणाचे कारण रक्तातील न्यून आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नव्हते. उपचारांनी तिच्या गालांवर लाली आली, ती खेळू लागली, किंचाळू लागली. आणि काही आठवड्यांनी त्याच आजीने, आता हिने रात्रीची झोप उडविली आहे अशी तक्रार केली, तेव्हा मला मनापासून समाधान वाटले.

रक्त भरून येते. परंतु मेंदूचा हिशेब तितका उदार नाही. पहिल्या वर्षात मेंदूच्या तंतूंवर जे आवरण चढते आणि स्मृतीची जी केंद्रे घडतात, त्या सर्व कामांस लोह लागते, आणि त्या काळातील उणीव मागाहून पूर्णपणे भरून निघेलच अशी शाश्वती देता येत नाही. स्वीडनमधील संशोधकांनी दोन ते अडीच किलो वजनाच्या, म्हणजे किंचितच लहान अशा २८५ बाळांचे गट करून काहींना दीड ते सहा महिन्यांच्या वयात लोह दिले आणि काहींना दिले नाही. पुढे ती साडेतीन वर्षांची झाल्यावर पाहिले तेव्हा लोह न मिळालेल्या गटात वर्तनविषयक अडचणी असलेल्या मुलांचे प्रमाण १२.७ टक्के, तर लोह मिळालेल्या गटांत तीन टक्क्यांच्या आत आढळले. वर्गात ज्याचे चित्त लागत नाही म्हणून गुरुजी ज्याला दोष देतात, त्याच्या चंचलतेचे मूळ कदाचित पाळण्यातल्या त्या महिन्यांत असू शकते, हा विचार मला अनेकदा अस्वस्थ करून गेला आहे.

या ज्ञानाच्या इतिहासात आपल्या मुंबईचाही वाटा आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९२८ च्या सुमारास लंडनच्या गरीब वस्तीतील तान्ह्या मुलांचा रक्तक्षय लोहाने टळतो हे डॉ. हेलन मॅके यांनी दाखवून दिले. आणि त्याच काळात डॉ. ल्यूसी विल्स मुंबईस येऊन गिरणी कामगारांच्या वस्तीतील गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा छडा लावीत होत्या. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय बरा होतो हा त्यांचा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातूनच पुढे फॉलिक अॅसिडचा शोध लागला. आज आशाताई ज्या बाटलीतून बाळाला औषध देतात, त्यात लोहाबरोबर फॉलिक अॅसिड असते.

आता प्रत्यक्ष थेंबांकडे वळू. दीड किलोपेक्षा कमी वजनाच्या, आईच्या दुधावर वाढणाऱ्या बाळास दर किलो वजनामागे रोज २ ते ४ मिलिग्रॅम लोह दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत द्यावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संस्था कमी दिवसांच्या बाळांना पहिल्या महिन्यापासून वर्षभरापर्यंत दर किलोस २ मिलिग्रॅम देण्यास सांगते. ज्या बाळाला रक्त चढविलेले असते त्याचा हिशेब निराळा, आणि तो डॉक्टरांनीच करावयाचा असतो. शिफारशींत थोडाफार भेद असला तरी दोहोंचा पाया एकच, तो म्हणजे वजन. मात्रा वजनावर ठरते, आणि बाळाचे वजन तर दर आठवड्यास बदलते. दोन किलोचे बाळ चार किलोचे झाले म्हणजे मात्राही दुप्पट व्हावयास हवी. पण घरोघरी पहिल्या दिवशी सांगितलेले थेंबच महिनोन् महिने चालू असतात आणि औषध तर रोज देतो, मग रक्त का वाढत नाही, असा प्रश्न आईबापांना पडतो.

दुसरा घोटाळा बाटल्यांचा. बाजारातील एका बाटलीत दर मिलिलिटरला १० मिलिग्रॅम लोह असते, दुसरीत २५, सरकारी बाटलीत २०. एका मोठ्या इस्पितळातून आलेल्या बाळाच्या कागदावर औषधाचे नाव वा प्रमाण न लिहिता केवळ 'लोहाचे थेंब, अर्धा मिली' एवढाच शेरा मी पाहिला आहे. त्या अर्ध्या मिलीत पाच मिलिग्रॅम लोह जाणार की साडेबारा, हे दुकानदाराच्या फडताळात त्या दिवशी कोणती बाटली होती यावर अवलंबून राहिले. कमी पडले तर रक्तक्षय. आणि अधिकाचाही धोका थोडा नाही. सरकारी कार्यक्रमाच्या ५० मिलिलिटरच्या बाटलीत एकूण १००० मिलिग्रॅम लोह असते, आणि गोड लागते म्हणून दहा किलो वजनाच्या भावंडाने ती पिऊन टाकली तर ते त्याच्या जिवावर बेतू शकते. म्हणून ती बाटली देव्हाऱ्याशेजारी किंवा खिडकीत न ठेवता कुलपात वा उंच फळीवर ठेवावी, असे मी प्रत्येक घरी बजावून सांगत आले.

मापाची ही गोष्ट कोडोलीच्या माणसाला पटविणे मला कधी जड गेले नाही, कारण सारा परिसरच मापावर जगतो. साखर कारखान्याच्या काट्यावर उसाचे वजन झाल्याशिवाय शेतकऱ्याच्या खाती दमडी जमा होत नाही. आणि सकाळ-संध्याकाळ दूध संस्थेत किटली घेऊन जाणारी बाई आपल्या म्हशीची फॅट आज कितीला लागली हे दशांशापर्यंत सांगू शकते, पुस्तकावर ते आकडे रोज चढवून घेते, आणि कालच्यापेक्षा एक दशांश उतरली तर तिथल्या तिथे जाब विचारते. अशा बाईला मी म्हणत असे, की संस्थेच्या पुस्तकावर जशी नोंद घेता तशीच या बाळाची घ्या. डाव्या बाजूस तारीख, मध्ये वजन, उजवीकडे थेंबांचे माप. तिला त्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नसे. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत थेंब दिले की त्या तारखेवर फुली मारावयाची, ही युक्तीही मी अशाच एका आजीकडून शिकले. तिने नातवाच्या वर्षभराच्या फुल्या असलेली ती दिनदर्शिका जपून ठेवली होती.

अडथळे मापाचेच असतात असे नव्हे. "शी काळी हुतीया, उष्ण पडलं आसंल, म्हणून बंदच केलंया," हे वाक्य मी जितक्या वेळा ऐकले तितके क्वचितच दुसरे ऐकले असेन. न शोषलेल्या लोहाने शौचाचा रंग काळपट होतो आणि त्यात अपाय काहीच नाही, हे पहिल्याच भेटीत, औषध हाती देताना सांगितले पाहिजे. मागाहून सांगितले तर तो बचाव वाटतो. बाळंतिणीला अळिवाचे लाडू खाऊ घालणारी सासू म्हणते, की आई लोह खाते आहे, मग दुधातून बाळाला पोहोचतेच. अळिवात लोह भरपूर असते आणि बाळंतपणात झिजलेल्या सुनेसाठी ते लाडू हितकारकच आहेत. परंतु आईने कितीही लोह खाल्ले तरी दुधातले लोह त्यामुळे वाढत नाही. घरच्या म्हशीचे दूध पहिल्या वर्षात पाजू नका असे सांगणे तर दुधाच्या या मुलखात फारच नाजूक काम. तथापि त्या दुधात लोह अत्यल्प असते, ते नीट शोषले जात नाही, आणि कोवळ्या आतड्यातून अदृश्य रक्तस्राव होण्याचा संभव असतो, हे स्पष्ट सांगावेच लागते. चहात बुडविलेले बिस्कीट उष्टावणाच्याही आधी बाळाच्या तोंडी जाते, आणि चहातील द्रव्य लोहाची वाट अडविते. उलट ज्या जिल्ह्याचा तांबडा-पांढरा रस्सा सर्वदूर प्रसिद्ध आहे, तेथे वरचे अन्न सुरू झाल्यावर मऊ शिजवून कुस्करलेली कलेजी किंवा अंडे बाळाला द्यावयास मांसाहारी घरांनीही का कचरावे? नाचणीचे सत्त्व आणि मुगाचे वरण यांस ती उत्तम जोड आहे.

सर्वांत कठीण प्रसंग ऊसतोड मजुरांच्या बाळांचा. गाळपाचा हंगाम सुरू झाला म्हणजे बीड, धाराशिवकडील टोळ्या या भागात उतरतात, उसाच्या फडाजवळ कोप्या उभ्या राहतात, आणि त्या कोप्यांतून गरोदर बाया पहाटे कोयता घेऊन कामावर जातात. उचल घेतलेली असल्याने काम सोडण्याची सवड त्यांना नसते. अशांपैकी एखादीचे बाळ दिवसांआधी जन्मास येते, कोल्हापूरला जगविले जाते, आणि हंगाम संपताच ते कुटुंब बैलगाडीवर वा ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून आपल्या गावी परतते. येथील डॉक्टर तेथे नसतो, तेथील आशाताईस या बाळाची वार्ता नसते, आणि अर्धवट उरलेली बाटली संपली की थेंबही संपतात. म्हणून अशा प्रत्येक बाळाच्या माता व बाल संरक्षण कार्डावर मी मोठ्या, सुवाच्य मराठी अक्षरांत जन्माचे वजन, अपुरे राहिलेले आठवडे, औषधाचे नाव, दर मिलिलिटरचे लोह, आजची मात्रा, वजन वाढल्यावरची मात्रा आणि अखेरची तारीख लिहून देऊ लागले. बापास मी विचारीत असे, "दादा, मुकादमाच्या हिशेबाचा कागद जपून ठेवता ना? हा त्याहून मोलाचा." पुढच्या हंगामात परत आलेल्या काही कुटुंबांनी तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून माझ्यापुढे ठेवला, त्यावर बीडकडील कोण्या परिचारिकेने पुढील नोंदी केलेल्या होत्या, आणि एका अनोळखी हाताने माझे काम पुढे चालविल्याचे ते दर्शन मला कोणत्याही सन्मानापेक्षा मोठे वाटले.

व्यवस्था नाही असे कोणी म्हणू नये. घरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत याच महाराष्ट्रात, गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी सिद्ध केली, १९९९ साली ती 'लॅन्सेट'मधून जगापुढे आली, आणि आज आशाताई तिच्याच आधारे बेचाळीस दिवसांपर्यंत व पुढे पंधराव्या महिन्यापर्यंत ठरावीक भेटी देतात. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा एक मिलिलिटर औषध देण्याचा सरकारी कार्यक्रम आहे, आणि कमी वजनाच्या बाळांना ते दुसऱ्या महिन्यापासूनच द्यावे असे मार्गदर्शक सूचनांत नमूद आहे. असे असूनही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील या वयाच्या मुलांपैकी ६८.९ टक्के मुले रक्तक्षयी आढळली. औषध उपलब्ध आहे, सूचना उपलब्ध आहे. उणीव आहे ती सूचना आणि बाळाचे तोंड यांमधल्या अखेरच्या वितीची, आणि ती वीत घरातलेच माणूस भरून काढू शकते.

या प्रतिबंधाचा आरंभ जन्माआधीच होतो, हेही सांगितले पाहिजे. गरोदरपणी मिळणाऱ्या लाल गोळ्या मळमळते म्हणून ट्रंकेत साठवून ठेवल्या जातात. त्या रात्री जेवणानंतर घेतल्या तर पुष्कळ जणींना सोसतात. जुन्या सुइणी वार पडेपर्यंत नाळ कापण्याची घाई करीत नसत. सुरीच्या अस्वच्छतेमुळे त्या काळी धनुर्वाताने बाळे गेली हे विसरता येत नाही; पण नाळेतले रक्त बाळाकडे जाऊ देण्याची ती सबुरी योग्य होती, आणि बाळ रडत-श्वसत असेल तर किमान मिनिटभर थांबून मगच नाळ बांधावी, असे आजचे शास्त्रही सांगते.

माझी वाचकांना विनंती एवढीच आहे. आपल्या नात्यात, शेजारात वा वस्तीत कोणाकडे दिवसांआधी जन्मलेले बाळ घरी आले, तर झबले-टोपडे घेऊन पाहावयास अवश्य जा. आणि बाळ कोणावर गेले आहे याची चर्चा झाल्यावर त्याच्या आईला विचारा, की लोहाचे थेंब सुरू झाले काय, मात्रा कोणत्या वजनावर ठरविली, आणि ते कधीपर्यंत द्यावयाचे हे कागदावर लिहून घेतले आहे काय. उत्तर नकारार्थी आले, तर तिला त्याच आठवड्यात जवळच्या डॉक्टरकडे किंवा आरोग्य केंद्रात घेऊन जा.